गाडीचे चेंबर उतरविणे आणि बसविणे

नंदुरबार जिल्ह्यातील आमचा कापडाचा धंदा निम्मा दुकानात आणि निम्मा चाकांवर चालतो. माल सुरतेहून येतो, तो सुरत-भुसावळ रेल्वेने किंवा नवापूरच्या रस्त्याने नंदुरबारला उतरतो. पण विकला जातो तो आठवडे बाजारात. तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगाव, अक्कलकुव्याहून वर मोलगी, शहाद्याहून राणीपूरमार्गे तोरणमाळ, असे हे रस्ते आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून आपला जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर रस्ते पुष्कळ सुधारले. तरी पावसाळा संपला की घाटात दरडीचे दगड पडलेले असतात, मोऱ्यांवरची खडी निघालेली असते, आणि गाठींनी दबलेली गाडी जमिनीला नेहमीपेक्षा चार बोटे जवळ गेलेली असते. अशा वेळी पहिला मार बसतो तो गाडीच्या चेंबरला.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे जे पत्र्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे असते त्यास पुस्तकात ऑइल पॅन अथवा संप म्हणतात. आपल्याकडे चालक, मिस्त्री आणि व्यापारी सारेच त्यास चेंबर म्हणतात. या लेखात ते का उतरवावे लागते, कसे उतरवावे आणि परत कसे बसवावे, हे क्रमाने देत आहोत. आम्ही कापडवाले आहोत, मिस्त्री नव्हे. परंतु ज्याची रोजी गाडीवर आहे, त्याला हे काम निदान पारखता आले पाहिजे. जे तरुण बांधव गॅरेजमध्ये नुकतेच हाताखाली लागले आहेत त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

चेंबर काय करते?

इंजिनातील सगळे तेल वरून गळून चेंबरमध्ये जमते. त्या तेलात एक नळी बुडालेली असते व तिच्या तोंडाला जाळी असते. जाळीतून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोचवितो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो केसापेक्षाही पातळ असतो. तो थर आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. तो तुटला की थोड्याच वेळात बेअरिंग तापून घासते, इंजिनातून ठोका येऊ लागतो आणि शेवटी इंजिन जाम होते.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. जाळी आणि चेंबरचा तळ यांत फार थोडे अंतर असते. म्हणून चेंबर फुटले नाही, तेलाचा थेंबही गळला नाही, नुसता पोचा आला, तरी धोका असू शकतो. पोचा नेमका जाळीखाली आला तर जाळीचे तोंड दबते. चेंबरमध्ये तेल पूर्ण असते, पट्टीवर माप बरोबर दिसते, पण पंपाला तेल ओढता येत नाही.

आमच्या ओळखीतील एका व्यापाऱ्यावर असा प्रसंग आला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस होते. सातपुड्यात कापडाची वर्षातली मोठी विक्री याच दिवसांत होते. घाटात चेंबरला दगड लागला. उतरून पाहिले तर खाली गळती नव्हती. पुढे तेलाचा तांबडा दिवा लागला, पण बाजार जवळ आला होता व मागे गाठी भरलेल्या होत्या, म्हणून गाडी हाकली गेली. बाजारात पोचण्याआधीच इंजिन बसले. मालही वेळेवर गेला नाही आणि त्या हंगामाची कमाई क्रँक व बेअरिंगच्या कामात गेली. दिवा लागताच इंजिन बंद केले असते तर काम चेंबर उतरवून पोचा काढण्यापुरतेच राहिले असते.

तेव्हा पहिला नियम असा: चेंबरला मार बसला आणि दिवा लागला किंवा गळती दिसली, तर इंजिन तेथेच बंद करावे व गाडी ओढून न्यावी. साबण किंवा एम-सील लावून गळती थोपविता येते, पण ती फक्त कडेला लागण्यापुरती. बंद झालेल्या जाळीवर तर हा उपाय मुळीच नाही.

उतरविण्यापूर्वी खात्री करा

चेंबरखाली तेल दिसले म्हणजे चेंबरच गळते असे नाही. टॅपेट कव्हर, तेलाचा फिल्टर, दाबाचा स्विच, क्रँकचे पुढचे-मागचे सील, यांपैकी कोठूनही गळलेले तेल ओघळून चेंबरवरच येते. कित्येकदा चेंबरचे पॅकिंग बदलले जाते, पैसे दिले जातात आणि चार दिवसांनी गळती तशीच असते.

याची पारख सोपी आहे. इंजिन थंड असताना चेंबर व त्याच्या वरची बाजू रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कोरडी पुसावी. मग त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड उडवावी. आपल्या शिंप्याकडचा पांढरा खडू चालतो. इंजिन काही वेळ चालवून पाहावे. पूड जेथे प्रथम ओली होते तेथून गळती आहे. ओल वरून खाली आलेली दिसली तर चेंबरला हात लावण्याचे कारण नाही.

चेंबर उतरवावे लागते ते मुख्यतः या कारणांनी: पॅकिंग गळणे, पोचा किंवा भोक पडणे, तेल सोडण्याच्या बोल्टचे आटे मरणे, जाळी गाळाने भरणे, अथवा बेअरिंग तपासणे.

तयारी

काम सुरू करण्यापूर्वी नवे पॅकिंग अथवा सिलिकॉन, तेल सोडण्याच्या बोल्टचा नवा वायसर, नवा फिल्टर आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे तेल जवळ असावे. उघडी गाडी ठेवून सामान आणावयास धावू नये, कारण तेवढ्या वेळात धूळ आत जाते.

गाडी सपाट व पक्क्या जागेवर घ्यावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पुढची बाजू जॅकने उचलून दोन्हीकडे लोखंडी घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक घसरतो, वीट अचानक फुटते. कारागिराचा जीव कोणत्याही गिऱ्हाइकाच्या घाईपेक्षा मोठा आहे. हाताखालच्या पोरांना पाना धरायला शिकविण्याआधी उस्तादांनी हे शिकवावे. बॅटरीची ऋण बाजूची वायरही सोडून ठेवावी.

उतरविण्याचा क्रम

इंजिन दोन-चार मिनिटे चालवून तेल कोमट करावे. कोमट तेल गाळ घेऊन लवकर उतरते. फार तापवू नये, कारण त्याच्या शेजारीच सायलेन्सरची नळी असते व हात भाजतो. जेथे मारामुळे इंजिन बंद केले आहे तेथे ते पुन्हा सुरू करू नये, तेल थंडच सोडावे. खाली रुंद भांडे ठेवून बोल्ट काढावा आणि शेवटचे थेंब थांबेपर्यंत धीर धरावा.

त्यानंतर वाटेत येणाऱ्या वस्तू काढाव्यात. ओम्नी किंवा ईको या गाड्यांत इंजिन बैठकीखाली असते आणि चेंबर खालून बऱ्यापैकी मोकळे सापडते. मारुती ८०० सारख्या, पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत सायलेन्सरची पुढची नळी व क्लचखालचा पत्रा बहुधा काढावा लागतो. जीपसारख्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल आड येत असेल तर इंजिनाचे माउंटिंग सोडून इंजिन थोडे उचलावे लागते. अशा वेळी जॅक चेंबरखाली लावू नये. पत्रा दबतो व नवा पोचा येतो.

लहान गाड्यांत चेंबरचे बोल्ट पुष्कळदा ६ मिलिमीटरचे असतात व त्यांना १० नंबरचा गोटी पाना लागतो. सगळे बोल्ट आधी थोडे-थोडे सैल करावेत, मग काढत जावे. चारही कोपऱ्यांचे शेवटी ठेवावेत, म्हणजे चेंबर एकदम अंगावर येत नाही. काही बोल्ट लांब तर काही आखूड असतात. एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून जो बोल्ट जेथला, तेथे भोक पाडून खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण चेंबर सैलच राहते.

बोल्ट निघाले तरी चेंबर चिकटलेले असते. सांध्यात पेचकस घालून उचकटण्याचा मोह होतो. त्याने इंजिनाच्या तोंडावर ओरखडा पडतो आणि तो ओरखडा पुढे कायम गळतो. लाकडी किंवा रबरी हातोड्याने बाजूने हलके ठोकावे. सिलिकॉनने चिकटले असेल तर पातळ पाते एका टोकाला घालून सांध्यातून पुढे सरकवीत न्यावे. चेंबर सुटल्यावर ते जाळीला किंवा क्रँकला अडकले तर ओढू नये, क्रँक हाताने थोडा फिरवून वाट करून घ्यावी. आत वाटीभर तेल राहिलेले असते, तेवढी सावधगिरी ठेवावी.

तळाचा गाळ वाचावा

धुण्याआधी चेंबरचा तळ उजेडात नीट पाहावा. इंजिनाची प्रकृती तेथे कळते. बोटाला लागणारा काळा, मऊ गाळ म्हणजे तेल वेळेवर बदललेले नाही. तांब्या-पितळेच्या किंवा चांदीच्या रंगाचे चमकते कण दिसले तर बेअरिंग झिजत आहे. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा पोलादी भागाचा असतो. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी शिरले आहे, हेड गॅस्केट तपासावे. आणि सिलिकॉनचे मणी किंवा दोरे सापडले तर आधीच्या कामात ते गरजेपेक्षा जास्त लावले गेले होते.

जे सापडेल ते मिस्त्रीने गाडीमालकास बोलावून दाखवावे. आपण जसे ठाण उलगडून डाग दाखवितो व मग भाव सांगतो, तसेच हे आहे. चमकते कण दिसूनही नुसते पॅकिंग बदलून गाडी परत केली तर पुढच्या महिन्यात इंजिन बसते आणि बोल मिस्त्रीलाच लागतो. मालकानेही ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. वाईट बातमी सांगणाऱ्या कारागिरावर संशय घेतला तर तो पुढच्या वेळी गप्प बसेल.

साफसफाई आणि दुरुस्ती

चेंबर व जाळी रॉकेलने धुवावी. पेट्रोल वापरू नये, कारण त्याची वाफ दुरूनही पेट घेते. पुसण्याच्या कापडाबद्दल मात्र आम्ही अधिकाराने सांगू शकतो. गॅरेजमध्ये सुताचे वेस्ट वापरतात. हातापायांस ते ठीक आहे, पण इंजिनाच्या आत ते नको. त्याचे तंतू सुटतात, तेलाबरोबर जातात व जाळीवर जमून बसतात. टेरीकॉट तेल शोषत नाही, नुसते पसरविते. अनेकदा धुऊन मऊ झालेले जुने सुती कापड घ्यावे. त्याचे सुटणारे तंतू आधीच धुण्यात गेलेले असतात. फाटलेली कड दुमडून आत घ्यावी.

इंजिनाच्या तोंडावरचे जुने पॅकिंग पितळी किंवा प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडावे. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण सगळे तुकडे खाली तोंडावर पडतात. घासण्यासाठी मशीनची चकती किंवा पॉलिश पेपर लावू नये. त्यातील कुरुंदाची पूड क्रँकमध्ये गेली तर नव्या बेअरिंगलाही खाते. शेवटी दोन्ही तोंडे थिनरच्या फडक्याने पुसून कोरडी करावीत. तेलाचा हात लागलेल्या जागी कोणतेही सिलिकॉन धरत नाही.

पत्र्याच्या चेंबरची कड काचेवर उपडी ठेवून पाहावी. पूर्वी बोल्ट जास्त आवळले गेले असतील तर भोकांभोवतीचा पत्रा फुगलेला असतो. सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हाताने तो बसवावा. पोचा आतून लाकडी ठोकळा देऊन काढावा. पत्र्याला चीर असेल तर पितळी गॅस वेल्डिंग होते. अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर आर्गन वेल्डिंगचा जाणकार लागतो. वेल्डिंगपूर्वी तेलाचा अंशही राहू देऊ नये. नंतर चेंबर बाहेरून खडूने पांढरे करून आत रॉकेल भरावे व काही तास ठेवावे. खडूवर ओलाव्याची रेघ उमटली नाही तरच काम पक्के.

तेल सोडण्याच्या बोल्टचे आटे गेले असतील तर तागा, सुतळी गुंडाळून बोल्ट ठोकू नये. वाटेत तो निघाला तर काही मिनिटांत सारे तेल रस्त्यावर येते. मोठ्या मापाचे नवे आटे पाडून त्या मापाचा बोल्ट लावावा, नाही तर नवी आट्यांची नळी बसवून घ्यावी.

परत बसविणे

कॉर्कचे पॅकिंग असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापू नये. त्याने ते घसरते व आवळताना बाहेर येते. चेंबरच्या बाजूने पातळ हात देऊन चिकटवावे, एवढे पुरे. दुकानात पडून सुकलेले व आखडलेले कॉर्क थोडा वेळ पाण्यात भिजविले की मापावर येते.

जेथे कंपनीने नुसते सिलिकॉन सांगितले आहे तेथे सुमारे ३ मिलिमीटर जाडीची एकसंध रेघ द्यावी व ती बोल्टच्या भोकांच्या आतील बाजूने न्यावी. मध्ये तुटू देऊ नये. पुढचे कव्हर व मागच्या सीलची पट्टी जेथे इंजिनाला मिळते त्या सांध्यांवर एक-एक ठिपका जास्त द्यावा, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते. जास्त लावण्यात शहाणपण नाही. जितके बाहेर येताना दिसते तितकेच आतही शिरते, तुटून तेलात पडते आणि जाळी बंद करते. रेघ दिल्यावर साय धरण्याच्या आत चेंबर चढवावे.

सगळे बोल्ट प्रथम हातानेच दोन-तीन आटे लावून घ्यावेत. मग आवळावे ते मधून सुरुवात करून, एकदा या बाजूचा व एकदा समोरचा, असे कोपऱ्यांकडे जात. एका दमात नव्हे, दोन-तीन फेऱ्यांत. शिंपी जसा आधी कच्चे टाके घालून कापड जागेवर बसवितो आणि मग पक्की शिलाई मारतो, तसे हे काम आहे. एका टोकाकडून आवळत गेले तर कापडासारखीच पॅकिंगलाही चुणी पडते.

किती आवळावे? ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १ किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो व टॉर्क पान्याने तो मोजता येतो. टॉर्क पाना नसेल तर लांब दांडा न लावता, आखूड पाना बोटांच्या जोराने फिरवावा. गळू नये म्हणून सर्व ताकद लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्याने पत्रा वाकतो, कॉर्क फाटते, बोल्ट तुटून इंजिनात राहतो, आणि गळती वाढते.

नवा वायसर घालून तेलाचा बोल्ट लावावा. काढलेले पत्रे व नळ्या जागेवर बसवाव्यात. नवा फिल्टर लावावा. सिलिकॉनला सुकावयास ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यावा. पूर्ण पक्के व्हावयास बहुतेकांना सुमारे २४ तास लागतात. व्यापारी बांधवांनी येथे स्वतःला आवरावे. सकाळी बाजार आहे म्हणून रात्री तेल भरून गाडी मागितली, तर मिस्त्रीचे चांगले कामही आपण आपल्या हाताने बिघडवितो. हे काम बाजाराच्या आदल्या दिवशी काढूच नये.

तेल भरून पट्टीवर माप पाहावे. बॅटरी जोडून इंजिन सुरू करताच दिव्याकडे लक्ष द्यावे. काही सेकंदांत दिवा गेला नाही तर इंजिन लगेच बंद करून कारण शोधावे. गेला तर गाडी काही मिनिटे उभ्यानेच चालू ठेवून खालून पाहावे. मग इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा माप घ्यावे, कारण नव्या फिल्टरने थोडे तेल घेतलेले असते. दुसऱ्या दिवशी खाली कोरडा कागद पसरून पाहावा. कॉर्कचे पॅकिंग असेल तर काही दिवसांनी बोल्ट हलकेच पुन्हा तपासावेत. सिलिकॉनचे असेल तर त्यांना परत हात लावू नये.

जुने तेल आणि पुढची काळजी

काढलेले तेल नाल्यात किंवा शेतात ओतू नये. ते विहिरी खराब करते व कातडीलाही अपाय करते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. गॅरेजवाल्यांनी ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावे.

डोंगराकडे नेहमी जाणाऱ्या गाडीला चेंबर गार्ड लावून घ्यावे. त्यात तेल सोडण्यासाठी भोक असावे आणि पावसाळ्यात अडकलेला चिखल काढीत जावे, नाही तर चेंबरला हवा लागत नाही. गाठी पेलेल तेवढ्याच भराव्यात. एका खेपेचे भाडे वाचविण्यासाठी गाडी दाबून भरली तर पहिला मोठा दगड ते भाडे वसूल करतो. घाट चढण्याआधी तेलाची पट्टी पाहावी. गाडीवर दुसरा चालक असेल तर त्याला आजच सांगून ठेवावे की तांबडा दिवा लागला तर गाडी जेथे असेल तेथे उभी करावी, आणि उशीर झाला म्हणून त्याला कोणी बोलणार नाही.